आठ किलो पोहे आणि माझी लीनता

या वेळचं पत्र इंदूरमधूनच आलंय, थोडं छोटं करून देते:

"काकू, जय मसीह की. मी सुदामा नगरला राहते, वय 41, एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडे अकाउंट्स बघते. आम्ही मूळचे नगरकडचे, घरात मराठी आणि चर्च हिंदी. चर्चच्या महिला संगतीत, म्हणजे बायकांच्या मंडळात, मी सहा वर्षं आहे. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेनंतर आमच्याकडे सगळ्यांना पोहे-जलेबी असते, यंदा आठ किलो पोहे माझ्याकडे होते. अडीचला उठून कांदे चिरायला घेतले. उपासना झाल्यावर संगतीच्या अध्यक्ष आंटी माइकवर म्हणाल्या, 'हमने सोचा इस बार कुछ अच्छा करें,' माझं नाव नाही, आणि नंतर चारचौघांत मला म्हणाल्या, 'बेटा, नमक थोड़ा कम रह गया.' मी हसून म्हटलं, 'जी आंटी, सब प्रभु की महिमा के लिए,' आणि पार्किंगमधे स्कूटीवर बसून रडले. हे पहिल्यांदा नाही, मला सहा वर्षांचं सगळं तारखेसकट आठवतं. नवरा म्हणतो चर्च बदल. मुलगी 14 वर्षांची आहे, ती माझी नक्कल करते, 'जी आंऽऽटी, कोई बात नहीं,' आणि म्हणते मम्मी तू तिकडे वेगळी असतेस आणि घरी वेगळी. आंटी तशा वाईट नाहीत, दोन वर्षांपूर्वी अंकल गेले, मुलं बाहेर आहेत, त्या सगळ्यांच्या आधी चर्चला येतात आणि शेवटी कुलूप लावून जातात. बायबल म्हणतं लीन व्हा, सर्वदा आनंद करा, प्रीती करा. मी तिन्ही करते, पण आत यातलं एकही नाही. मी ढोंगी आहे का?"

अगं, पहिलं पोह्यांचंच विचारते. तू स्वतः खाल्लेस का? पत्र तीनदा वाचलं, त्यात अडीचचा अलार्म आहे, कांदे आहेत, माइक आहे, मीठ आहे, पार्किंग आहे, पण तू हातात प्लेट घेऊन उभी आहेस असं कुठेच नाही. काय झालं असेल ते मी सांगते, तू पातेल्यामागे उभी राहून शंभरेक माणसांना वाढलंस, वरून शेव, वरून जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इथला मसाला), 'और लीजिए ना', आणि कुणी म्हटलं तुम्ही पण घ्या तर 'नाही नाही, माझं नंतर', आणि ते नंतर काही आलं नाही, आणि त्याचीही नोंद तुझ्याकडे आहे.

ढोंगी नाहीयेस. ढोंगी माणसाला असली पत्रं लिहावी लागत नाहीत, त्याला रात्री छान झोप लागते. पण तू जे करते आहेस त्याला मी लीनता म्हणणार नाही, वाईट वाटून घेऊ नकोस, त्याला मी उधारी म्हणेन. तू सेवा उधारीवर देते आहेस. आंटींच्या नावाने खातं उघडलंयस, प्रत्येक ईस्टर, प्रत्येक हार्वेस्ट, प्रत्येक मीटिंगचा चहा त्यात चढतोय, आणि ज्यांच्या नावावर एवढं येणं आहे त्या बाईंना आपलं खातं आहे हेच माहीत नाही! मग वसुली होणार कशी? तू अकाउंट्सवाली आहेस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आपण लग्नात इतका वाचतो की त्याचा आता आवाजच ऐकू येत नाही. त्यात पाचव्या ओवीत प्रीतीबद्दल 'अपकार स्मरत नाही' असं आहे. मूळ ग्रीकमधे तिथे जो शब्द वापरलाय, लोगीझेताई, तो हिशेबातला शब्द आहे, खात्यावर टाकणं, मोजून धरणं या अर्थाचा. म्हणजे प्रीती विसरभोळी आहे असं तिथे म्हटलेलं नाही गं. काय झालं ते तिला माहीत असतं, ती फक्त ते समोरच्याच्या नावे टाकत नाही. मला हे कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती आणि तोपर्यंत माझ्या वह्या भरल्या होत्या.

माझंच सांगते. मी आमच्या चर्चमधे बावीस वर्षं पेटी वाजवली. आमच्या आजीला रेव्हरंड टिळकांची भजनं पाठ होती, ती घरी मराठीत गायची आणि रविवारी आम्ही हिंदीत गायचो, पेटी दोन्हीकडे मीच. मग एक मुलगा आला, इंजिनिअरिंगचा, स्वतःचा कीबोर्ड घेऊन. मी लगेच सगळ्यांसमोर म्हटलं, अरे वा, आता तरुणांनीच पुढे यायला पाहिजे, मी तर कधीची वाट बघत होते. सगळे म्हणाले आंटीचं मन किती मोठं, आणि मला ते ऐकून छान वाटलं हेही कबूल करते. त्यानंतर आठ महिने मी तिसऱ्या रांगेत बसून त्या पोराच्या चुका मोजल्या. एका रविवारी सात झाल्या, तो माझा त्या वर्षातला सगळ्यात आनंदी रविवार होता!

मग पावसाळ्यात एक दिवस उपासनेच्या मधेच लाइट गेली. कीबोर्ड गप्प, सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी हलले नाही, म्हटलं विनंती करू देत जरा. तेवढ्यात हा मुलगाच पळत आतल्या खोलीत गेला, पेटी उचलून आणली, वरची धूळ स्वतःच्या शर्टाच्या बाहीने पुसली, पांढरा शर्ट होता, आणि माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाला, 'आंटी, कौन से स्केल में?' आणि गाणं संपेपर्यंत मोबाइलचा टॉर्च पुस्तकावर धरून वाकून उभा राहिला. भात्यातून हवा जात होती, माझे दोन सूर चुकले, त्याने ते ऐकले पण त्याच्या चेहऱ्यावर काही नाही. आणि मला तिथे घाम फुटला, कारण या पोराला माहीतच नव्हतं की आमची मॅच चालू आहे! मी एकटीच खेळत होते. नंतर त्याला बाहेर गाठून सरळ सांगितलं की बाबा, मला अजून वाजवायचंय. तो म्हणाला, 'तो आंटी, आपने बोला क्यों नहीं?' आता पहिला आणि तिसरा रविवार माझा असतो. आठ महिने मी ज्याला नम्रपणा म्हणत होते तो एका वाक्याने संपला असता, आणि ते वाक्य मी बोलले नाही कारण मागणं मला कमीपणाचं वाटत होतं. बघ, आत काय बसलं होतं!

आता आनंदाचं. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. पुन्हा म्हणेन, आनंद करा,' हे आपण फ्रीजच्या मॅग्नेटवर वाचतो आणि चेहरा हसरा करायला घेतो. पण फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय उघड आणि ही ओवी सोडून तिच्या दोन ओव्या वर जा. तिथे दोन बायका आहेत, युवदीया आणि सुंतुखे. दोघी सुवार्तेच्या कामात पौलाबरोबर, म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषिताबरोबर, राबलेल्या, आणि दोघींचं पटत नाहीये. कशावरून ते पौलाने लिहिलं नाही (मी तर म्हणते पोह्यांवरूनच असणार). पण त्याने भांडण झाकलं नाही, मंडळीत मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पत्रात दोघींची नावं घेतली, आणि 'विनंती करतो' हा शब्द दोनदा लिहिला, हिला वेगळी विनंती, तिला वेगळी, म्हणजे कुणी म्हणायला नको की मलाच का. पुढच्या ओवीत एका सोबत्याला सांगितलं की या दोघींना मदत कर. आणि त्याच्या लगेच पुढे 'आनंद करा' आलंय. माणूस स्वतः कैदेत, समोर दोन बायकांचं भांडण, आणि मधोमध आनंद. तेव्हा आनंद म्हणजे सगळं ठीक आहे असं दाखवणं, हे तुला ज्या कुणी शिकवलं असेल त्याने हा अध्याय मधूनच वाचायला घेतला होता.

आणि फिलिप्पै गावाचं अजून एक आहे जे मला फार आवडतं. हे रोमन वसाहतीचं शहर, इ.स.पूर्व 42 च्या लढाईनंतर तिथे जुने सैनिक वसवले होते, त्यामुळे कोण कुठल्या पायरीवर, कुणाचा मान किती, यावर सगळं चालायचं. लीनता हा तिथे काही गुण बिण नव्हता, गुलामाची लायकी सांगायचा शब्द होता. अशा लोकांना पौल लिहितो की लीनतेने एकमेकांना आपणापेक्षा श्रेष्ठ माना. ही ओवी तुलाही ऐकवली गेली असणार. पण हाच पौल त्याच गावात आधी काय करून गेला होता ते प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. त्याला आणि त्याचा सोबती सीलाला छड्यांनी मारलं, पाय खोड्यात अडकवले, आणि मध्यरात्री हे दोघं प्रार्थना करतायत, गाणी म्हणतायत, बाकीचे कैदी ऐकतायत. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांचा निरोप आला की सोडून द्या त्यांना, जाऊ दे. तर पौल म्हणाला, असं नाही चालणार. आम्ही रोमन नागरिक, चौकशी न करता आम्हाला सगळ्यांसमोर मारलं आणि आता गुपचूप काढून देता काय, त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. आणि ते आले, विनवण्या करत आले! मग पौल तिथे छाती फुगवून बसला का, नाही, लुदियाच्या घरी गेला, भावांना भेटला, धीर दिला आणि गाव सोडलं. जे चुकलं ते चुकलं म्हणून सरळ सांगितलं आणि पुढच्या कामाला लागला. तुला हा भाग कुणी शिकवला नाही आणि मला त्याचा राग येतो, कारण आपल्याकडे लीनता बहुतेक बायकांना आणि गरिबांनाच शिकवतात.

आणि फिलिप्पैकरांस पत्रातल्या त्या लीनतेच्या ओवीच्या पुढच्याच ओवीत, म्हणजे दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या, 'आपलेच हित पाहू नका, तर दुसऱ्यांचेही पाहा' असं आहे. त्यातला 'ही' बघ. एका अक्षरात तुझ्यासाठीही जागा ठेवलीय.

आता जरा कडू बोलते. तुझ्या लीनतेचं बिल घरी तुझी मुलगी भरतेय. चर्चमधे 'कोई बात नहीं' म्हणून जे गिळतेस ते संपत नाही ना, ते स्कूटीवर बसून सुदामा नगरपर्यंत येतं, आणि मग वॉटर बॉटल डब्याजवळ का नाही ठेवली यावरून स्फोट होतो. पत्रात तू हे लिहिलेलं नाहीस, पण 14 वर्षांची पोरगी 'तिकडे वेगळी आणि घरी वेगळी' असं उगाच म्हणत नाही. आंटींना गोड आवाज आणि पोरीला खरा आवाज, हे उलटं झालंय. तिच्या नकलेवर रागावू नकोस, तिला म्हण, तू बरोबर पकडलंस. एवढंच म्हण, त्यावर भाषण नको.

नवऱ्याचा मुद्दा, चर्च बदलण्याचा. बदलू शकतेस, पण वही बरोबर घेऊन जाशील आणि तिथेही कुणीतरी आंटी असणारच, त्या पोस्टवर प्रत्येक चर्चमधे कुणी ना कुणी असतं. हां, पण एक नीट ऐक, कुणी लीनतेच्या नावाखाली पैशाचा घोळ झाकायला सांगत असेल, किंवा कुणी अंगाला हात लावतोय, धमकावतोय आणि वरून 'क्षमा करो बहन' चाललंय, तर तिथे गप्प राहायचं नाही आणि थांबायचंही नाही. तुझं प्रकरण तसं नाहीये, तुझ्याकडे फक्त न बोललेली सहा वर्षं आहेत.

तर बोल. रविवारी नको, व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको, संगतीच्या चार बहिणींना आधी सांगून वातावरण तयार करणं तर मुळीच नको. मत्तयच्या अठराव्या अध्यायात सांगितलंय तसं, ती आणि तू, दोघीच. मधल्या वारी संध्याकाळी आंटींच्या घरी जा. आणि सहा वर्षं नको काढूस, फक्त ईस्टर. 'आंटी, उस दिन मुझे बुरा लगा. मेरा नाम नहीं आया, और नमक की बात सबके सामने हुई.' बस, फुलस्टॉप. याच्यापुढे तुझ्या तोंडातून आपोआप 'पर कोई बात नहीं' निघेल, ते दातांत धरून ठेव. त्या म्हणतील अरे, मुझे तो ध्यान ही नहीं रहा, किंवा फुगून बसतील, किंवा तुझ्याच दोन चुका काढतील. काहीही होऊ शकतं आणि ते तुझ्या हातात नाही. चहा दिला तर पी आणि घरी ये. माफी मागायला लावायला तू जात नाहीयेस, खातं बंद करायला जातेयस.

आणि त्यांच्या घरी बसशील ना तेव्हा जरा इकडेतिकडे बघ. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेली, मुलं परगावी असलेली बाई चर्चला सगळ्यांच्या आधी येते आणि शेवटी कुलूप लावून जाते, हे तूच लिहिलंयस, सहज लिहून पुढे गेलीस. मला तेच पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य वाटलं. माइकवरचं 'हमने' हे कदाचित तिच्याकडे उरलेलं एकमेव 'आम्ही' असेल. यामुळे तिचं वागणं बरोबर ठरत नाही, पण तू त्या बाईकडे सहा वर्षं बघते आहेस ती फक्त देणेकरी म्हणून.

आपल्या इंदूरजवळचीच गोष्ट, सिस्टर रानी मारिया या कॅथलिक ननची. 25 फेब्रुवारी 1995 ला उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमधे त्यांचा खून झाला, 2017 च्या नोव्हेंबरात इथे इंदूरमधे त्यांना कॅथलिक चर्चने धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. ज्याने मारलं तो समुंदर सिंह तुरुंगात असताना सिस्टरची सख्खी बहीण, तीही नन, त्याला भेटायला गेली आणि त्याला राखी बांधली. 2006 मधे तो सुटला. मला ही गोष्ट सांगायला खरं म्हणजे भीती वाटते, कारण लोक तिचा दगड करून दुसऱ्याच्या डोक्यात घालतात, की बघ तिने खून माफ केला आणि तुला पोह्यांचं सुटत नाही. त्यासाठी नाही सांगत. मला त्यातला फक्त जाण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो, की ती स्वतः उठून गेली, तुरुंगात, समोर उभी राहिली, आणि काय घडलं होतं ते दोघांनाही पक्कं माहीत होतं. घरी बसून मनातल्या मनात माफ केलं असतं तर राखी कुणाच्या हातात बांधली असती?

बाकी सोपं आहे. पुढच्या मीटिंगला सांग की कांदे चिरायला दोघी, वाढायला वेगळ्या दोघी, एकटीने आता होणार नाही. सासूबाईंच्या बीपीचं कारण देऊ नकोस, नाही जमत म्हणजे नाही जमत. आणि करशील तेव्हा आवडतंय म्हणून कर, मला खात्री आहे तुला आवडतं, नाहीतर अडीच वाजता कोण उठतं. वाढायच्या आधी पहिली प्लेट स्वतःची भर, गरम असताना, जलेबीचं एक वेटोळं बाजूला घेऊन, सगळ्यांना दिसेल अशी उभी राहून खा. पहिल्या वेळी फार ओशाळल्यासारखं होईल, होऊ दे.

आणि हो, मीठ खरंच कमी होतं का? तू रडलीस ते लिहिलंस, त्या बोलल्या ते लिहिलंस, पण पोह्यांत मीठ कमी होतं की नव्हतं ते कुठेच नाही, आणि तू खाल्ले नाहीस म्हणजे तुला माहीतही नसणार. मुलीला विचार, ती खरं सांगेल. कमी असेल तर त्याचं कारण असं की आपण फोडणीत मीठ घालतो आणि वाफेवर ठेवलेल्या एवढ्या ढिगात ते सगळीकडे पोचत नाही, त्यात जीरावन खारट असतं म्हणून आपला हात आखडतो. पोहे धुऊन चाळणीत निथळत असतानाच मीठ, हळद आणि साखर भुरभुरवून हलक्या हाताने वरखाली कर, दोन-दोन किलोचे चार भाग करून, मग वाफेवर टाक.